बांधाखाली कोण राहतं

“सळई टोचून बघतेय माझ्या बांधाला! बांध आहे तो. बटाटा नाही, शिजला का बघायला.”

मागच्या दारातल्या बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधता बांधता आबा कुरकुरत होते. स्वतःशीच म्हणायचं, पण आत चहा गाळणाऱ्या सुनेच्या कानांवर बरोबर पडेल अशा बेतानं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला दुसरं काही जमो न जमो, कुरकुरीचा आवाज किती ठेवायचा ते नेमकं जमतं.

“टोचू द्या हो आबा. तिचं कामच आहे ते,” सून आतून म्हणाली.

“काम! एक्केचाळीस वर्षं उभा आहे तो. तिचं वय तरी आहे का एक्केचाळीस?”

काठी टेकत आबा उठले आणि बाहेर पडले. पहाटेच्या फेरीहून येऊन त्यांनी बूट काढले होते, त्यातली मूठभर वाळू नेहमीप्रमाणे बाकाखाली सांडली होती. सुनेनं नेहमीप्रमाणे झाडू घेतला, वाळू केरभरणीत ओढली आणि अंगणात टाकून आली. आबांच्या बुटांत रोज सकाळी वाळू कुठून येते, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला सगळंच विचारायचं नसतं, हे एक कारण. दुसरंही कारण होतं, पण ते तिनं स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

तिला सगळे मोतीबाई म्हणत. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात आबांनी तिला रोपांच्या कुंड्यांवर लावायच्या पाट्या लिहायला दिल्या होत्या, आणि अक्षर बघून म्हणाले होते, “मोती आहेत, मोती!” ते जे चिकटलं ते चिकटलं. आता मोत्यांच्या जोडीला मोतीबिंदू यायची वेळ झाली होती, पण अक्षर तसंच होतं. त्यामुळे घरातलं लिहिण्याचं सगळं काम तिच्या गळ्यात. रोपवाटिकेच्या पाट्या ती लिही, औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या ती लिही, आणि वर्षातून एकदा तळ्याचं निवेदनही तीच लिही.

तळं म्हणजे घराच्या मागे, वरच्या अंगाला, आबांनी ओढा अडवून केलेलं; घर मात्र ओढ्याच्या वाटेपासून बाजूला, उंचवट्यावर. रोपवाटिकेला बारा महिने पाणी हवं, म्हणून ऐन उमेदीत त्यांनी दोन मजली घराएवढा उंच मातीचा बांध घातला होता. माती स्वतः निवडलेली, स्वतः तुडवलेली. बांधाच्या एका टोकाला जास्तीचं पाणी वाहून जायला सांडवा, आणि पोटातून पाणी सोडायला चाक फिरवून उघडायची मोरी. खाजगी मालकीचं तळं असलं तरी मालकानं दरवर्षी चार पानांचं निवेदन भरून पाठवायचं, असा नियम होता. त्यात एकोणीस प्रश्न. मोतीबाई गेल्या वर्षीचा कागद डावीकडे ठेवी, नवा उजवीकडे, आणि ये रे माझ्या मागल्या करत उतरवून काढी. सव्वीस वर्षं. आबा खाली सही करत, तीही न वाचता. सुनेवर विश्वास होता.

या वर्षी मात्र निवेदन पोचल्यावर त्याच्या मागोमाग सरकारी तपासणीला एक बाईच आली. तिशीतली, डोक्यावर टोपी, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात नकाशाची गुंडाळी. सगळ्या लहान खाजगी बांधांचे वर्ग नव्यानं ठरवायचे आहेत, म्हणाली. मोतीबाईच्या नवऱ्यानं तिला पाहताक्षणी ‘टोचणी मॅडम’ नाव ठेवलं. तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत असे, आणि जगातल्या प्रत्येक माणसाला एखाद्या सुट्या भागाचं नाव द्यायची त्याला खोडच होती.

मोतीबाई चहाचा थर्मास घेऊन बांधाशी पोचली तेव्हा टोचणी मॅडम पायथ्याशी उकिडवी बसली होती. नवरा बाजूला खिशात हात घालून उभा. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून, वर बांधाकडे बघत.

“इथे ओल आहे,” मॅडम म्हणाली.

“दव असेल,” नवरा म्हणाला.

“सकाळचे अकरा वाजलेत, काका.”

“आमच्याकडचं दव जरा आळशी आहे. उशिरा उठतं.”

मॅडम हसली नाही. आजूबाजूचं सगळं गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि हा खाटेएवढा तुकडा तेवढा हिरवागार. शेजाऱ्याची गाय कुंपण ओलांडून यायची ती थेट इथेच.

“हिरवळ छान आहे इथली,” मोतीबाई कप भरत म्हणाली. “पहिल्यापासूनच.”

“माती जिवंत असली की तिला घाम येतो,” आबा म्हणाले, आणि विषय संपला अशा थाटात काठी आपटली.

त्या घरात नळ गळायचा, छप्पर गळायचं, नवऱ्याचे केस तर केव्हाच गळून गेले होते. पण बांधाच्या बाबतीत ते क्रियापद कुणाच्या तोंडून निघत नसे. बांधाला ओल येई, घाम येई, दव पडे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मॅडमनं गवत बाजूला सारलं. खाली स्वच्छ, धुतलेल्या वाळूचा थर होता, तळहातभर जाड.

“ही वाळू कुणी टाकली?”

मोतीबाईचा हात थर्मासवर तसाच राहिला. तिला बाकाखालची वाळू आठवली, केरभरणी आठवली, आणि तिनं अगदी घाईनं दुसरीकडे पाहिलं.

“ज्यानं टाकली त्याला काम कळतं,” मॅडम म्हणाली. “वाळू माती अडवते, पाणी जाऊ देते. पण हे मलम झालं. जखम आत आहे.” तिनं पिशवीतून काचेची बरणी काढली, वाळूतून झिरपणारं पाणी थेंब थेंब करत तिच्यात धरलं, झाकण लावलं आणि बरणी मोतीबाईच्या हातात दिली. “काकू, ही न हलवता खिडकीत ठेवा. संध्याकाळी बघू. पाणी निवळशंख राहिलं तर ठीक. तळाशी गाळ बसला, तर पाण्याबरोबर बांधाची माती बाहेर येतेय. आतून पोखरतोय तो.”

“आणि मग आमचा वर्ग काय?” नवऱ्यानं विचारलं. “आजवर तिसरा होता. सगळ्यात कमी धोका. आता दुसरा देताय की काय?”

“वर्ग याच्यावरून नाही ठरत, काका. बांध कितीही ठणठणीत असू दे. उद्या फुटलाच, तर खाली कोण आहे, यावरून वर्ग ठरतो. खाली नुसतं गवत असेल तर तिसरा. रस्ता, गोठा, शेतं असतील तर दुसरा. माणसं राहत असतील तर पहिला.”

“म्हणजे पोरगं हुशार की ढ ते बघायचंच नाही? शेजारी कोण राहतो त्याच्यावरून पास-नापास?”

“तसंच म्हणा.” मॅडमनं नकाशा उलगडला. “चला, पाण्याच्या वाटेनं चालत जाऊ. आजोबा, तुम्ही नका येऊ, उतार आहे.”

आबा आले नाहीत. नवऱ्याला अचानक एका मोटारीची आठवण झाली. बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून उरली ती मोतीबाई.

दोघी ओढ्याच्या कडेनं उतरू लागल्या. मॅडम पावलं मोजत होती, मधेच थांबून निळ्या पेन्सिलीनं नकाशावर रेघ ओढत होती. मोतीबाई बडबडत होती. भीती वाटली की तिची जीभ सुटे, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. इथे पूर्वी दोन बाभळी होत्या, तिकडे एकदा साप निघाला, ह्या दगडावर बसून मी लेकीला शाळेचे पाढे घोकायला लावायचे. लेक घारी. डोळे घारे म्हणून घारी. आता तिलाच चार वर्षांची पोरगी आहे.

वळण आलं. वळणापलीकडे हिरवी, सपाट जागा, पांढरं कुंपण, लाल पत्र्याचं छप्पर, आणि दोरीवर वाळत घातलेले छोटे छोटे कपडे.

मॅडम थांबली. नकाशा पाहिला, घर पाहिलं, पुन्हा नकाशा पाहिला.

“हे घर नकाशात नाही.”

“नवीन आहे ना. सहा वर्षं झाली. माझ्या लेकीचंच.” मोतीबाईच्या आवाजात नकळत कौतुक आलं. “जागा मीच दाखवली तिला. म्हटलं, एवढी सपाट जमीन फुकट का घालवायची? आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून छप्पर दिसतं. दिवा लागला की कळतं मला, आली घरी.”

मॅडम खाली वाकून जमिनीवरून हात फिरवत होती. “सपाट का आहे, माहितीये काकू? ओढ्यानंच केलीय. पूर्वी जेव्हा जेव्हा पाणी चढलं, तेव्हा इथेच पसरलं.” ती उठली. “किती जण राहतात?”

“तिघं. घारी, जावई, आणि चिमी.”

मॅडमनं पिशवीतून चार पानी कागद काढला. मोतीबाईला तो लांबूनच ओळखू आला. आपलं अक्षर माणसाला आपल्या चेहऱ्यासारखं ओळखू येतं.

“प्रश्न चौदावा,” मॅडम वाचू लागली. “बांधाच्या खाली, पाण्याच्या वाटेत, राहती घरं आहेत का? असल्यास किती? उत्तर : नाहीत.” ती क्षणभर थांबली. “अक्षर फार सुंदर आहे. म्हणून लक्षात राहिलं होतं.”

सव्वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न पहिल्यांदा समोर आला तेव्हा मोतीबाई स्वतः बांधावर जाऊन उभी राहिली होती, डोळ्यांवर हात धरून खाली पाहिलं होतं, आणि नाहीत लिहिलं होतं. तेव्हा खरंच नव्हती. पुढे दरवर्षी डावीकडचं उजवीकडे. सहा वर्षांपूर्वी, लेकीच्या घराचा रंगही वाळला नव्हता तेव्हा, याच ओळीवर पेन अडखळलं होतं. तिनं पेन दोनदा झटकलं होतं, शाईला नावं ठेवली होती, आणि लिहिलं होतं. नाहीत. त्या वर्षी, पुढल्या वर्षी, गेल्या महिन्यात. खिडकीत बसूनच लिहिलं होतं तिनं. मान वर केली असती तर लाल छप्पर समोर होतं.

“किती वेळ?” तिनं विचारलं.

“काय?”

“तिथून इथवर. पाण्याला.”

मॅडमनं नकाशावरची निळी रेघ पाहिली, ओठ हलवत आकडे जुळवले. “सात मिनिटं. रात्री असेल, कुणी फोन केला नाही, तर तेवढीही नाहीत.”

सात मिनिटं. मोतीबाईला सात मिनिटं चांगली माहीत होती. भगुल्यातलं दूध उतू यायला लागतात तेवढी. अंडी उकडायला लागतात तेवढी. सात मिनिटांत घारीला जागसुद्धा येत नसे, लहानपणापासून. चादर ओढून घ्यायची आणि म्हणायची, अजून पाचच मिनिटं गं आई.

मॅडम घराच्या भिंतीशी गेली. खिशातून खडू काढला, एक डोळा मिटून वर बांधाकडे पाहिलं, खाली ओढ्याकडे पाहिलं, आणि पांढऱ्या भिंतीवर निळ्या खडूनं आडवी रेघ ओढली. “साधारण इथवर. नियमानं खूण करावी लागते.”

रेघ मोतीबाईच्या हनुवटीला आली.

तेवढ्यात दार उघडून चिमी धावत आली. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. भिंतीवरची रेघ तिनं पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. कुणी काही म्हणायच्या आत ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, टाचा जोडून, हनुवटी वर करून, हात मांड्यांना चिकटवून.

“माझी उंची मोजताय? बघ आजी, मी हलत नाहीये. मी किती झाले?”

रेघ तिच्या डोक्यावरून दोन विती वर होती.

मॅडमनं मान फिरवली. मोतीबाईला पुढे व्हायचं होतं, पोरीला उचलून घ्यायचं होतं. “मोठी झालीस गं,” एवढंच ती म्हणाली. “उतर आता.” चिमी कशावर चढलीच नव्हती, तरी ती म्हणाली, उतर.

घारी दारात आली. हाताला साबणाचा फेस. तिनं रेघ पाहिली, मॅडमकडे पाहिलं, आणि हे काय म्हणून विचारलंच नाही. मोतीबाईला ते खटकलं. साधं कुणी भिंतीला हात लावला तरी ही पोरगी घर डोक्यावर घेणारी.

“पाऊस जोरात लागला की तुम्ही रात्री इथेच असता का?” मॅडमनं तिला विचारलं.

घारी हातावरच्या फेसाकडे बघत राहिली. म्हणून मोतीबाईच हसून बोलली, सवयीनं. “ही? पाऊस आला की ही कसली इथे राहतेय! तिन्ही माणसं माझ्याकडे. कधी वीज गेली, कधी गॅस संपला, कधी चिमीला आजीची आठवण आली. अहो, कारणं तरी किती. शेजारणी म्हणतात, मोतीबाई, पाऊस पडला की तुमची लेक…”

ती तिथेच थांबली.

दार अर्धवट उघडं होतं. दारामागे खुंटीला निळी बॅग लटकत होती. हीच बॅग घेऊन घारी यायची. बॅगेत चिमीचे कपडे, औषधं, कागदपत्रांची पिशवी, विजेरी, सगळं घडी घालून नीटनेटकं. किती व्यवस्थित झाली माझी पोरगी, असं मोतीबाईनं चार ठिकाणी सांगितलं होतं. आज आभाळात ढगाचं बोटही नव्हतं, आणि बॅग भरलेली होती.

“आई,” घारी म्हणाली.

“किती दिवस?”

“आई, तू बस जरा.”

“किती दिवस, घारे?”

घारीनं हातावरचा फेस पायजम्याला पुसला. “तू एवढ्या हौसेनं जागा दिलीस. आबा केवढे खूश होते. मी काय सांगणार होते?”

मोतीबाईच्या पायाखालची जमीन खरोखरच हलली, सपाट, हिरवी, तिनंच निवडलेली. सहा वर्षं ती पावसाची वाट बघत आली होती. ढग दाटले की जास्तीचे बटाटे सोलायला घेई, पलंगावर धुतलेली चादर घाली, आणि मनातल्या मनात म्हणे, येईल आता.

संध्याकाळी सगळे मोतीबाईच्या स्वयंपाकघरात जमले. टेबलाच्या एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला मॅडम. नवरा पंख्याखाली उभा. थोड्या वेळानं घारी आणि जावई आले. चिमी जावयाच्या खांद्यावर झोपलेली, आणि घारीच्या हातात निळी बॅग. तिनं ती दाराशी ठेवली.

मधोमध टेबलावर बरणी होती. मोतीबाईनं ती खिडकीतून उचलताना श्वाससुद्धा धरून ठेवला होता. वरचं पाणी निवळलं होतं. तळाशी बोटाच्या पेराएवढी तांबूस माती बसली होती. आबांनी निवडलेली, आबांनी तुडवलेली. ती ओळखायला त्यांना चष्मा लागला नसता. ते बरणीकडे बघतच नव्हते.

“आजोबा, हे असं आहे,” मॅडमनं सांगितलं. “आजपासून बांध पहिल्या वर्गात. तळं आजपासूनच उतरवायला लागायला हवं. एकदम नाही, घाईनं सोडलं तर आतल्या बाजूची माती घसरते. दिवसाला दोन विती. पण त्यासाठी मालकानं स्वतः नवं निवेदन भरून सही करायची. तुम्ही सही केली नाहीत तर मला वरून हुकूम आणावा लागेल. त्याला तीन आठवडे. आणि चार दिवसांनी जोराचा पाऊस सांगितलाय.”

“तळं उतरवलं तर रोपं मरतील,” आबा म्हणाले.

“काही मरतील.”

“एक्केचाळीस वर्षांत एक रोप पाण्यावाचून मेलं नाही माझं.” आबांनी मुलाकडे पाहिलं. “तू सांग. काय झालंय बांधाला?”

नवरा पंख्याकडे बघू लागला. पंखा बिघडला असता तर त्याला बरं वाटलं असतं. “झालंय असं काही नाही, आबा. नियम बदललेत. आपल्यापेक्षा वाईट बांध आहेत.”

“जावईबापू, तुम्ही?”

“आम्हाला काही त्रास नाही, आबा,” जावई चिमीच्या पाठीवर थोपटत म्हणाला. “थोडी ओल असते, एवढंच.”

मॅडमनं कोरा कागद आणि पेन टेबलावर सरकवलं. तिचं बोलून झालं होतं.

मोतीबाई ओट्याशी उभी होती. सगळ्यांकडे तिची पाठ. तिला वाटलं, आता पुन्हा तेच होणार. हा म्हणेल ओल, तो म्हणेल दव, आबा म्हणतील घाम, मी म्हणेन हिरवळ. मॅडम जाईल, तीन आठवड्यांनी हुकूम येईल. चौथ्या दिवशी पाऊस येईल. ती वळली.

“आबा, चौदाव्या प्रश्नाला मी खोटं लिहिलं. सहा वर्षं. पोरीचं घर समोर दिसत होतं आणि मी लिहिलं, नाहीत.”

“बरं, मग?” आबा म्हणाले. “मीही सही केलीच ना.”

“तुम्ही वाचलं नव्हतंत. मी लिहिलं होतं.”

आबांची नजर फिरत फिरत दाराशी गेली आणि निळ्या बॅगेवर थांबली.

“घारे, आज कशी आलीस?” त्यांनी विचारलं. “आभाळ तर कोरडं आहे.”

घारीनं बॅग पायानं दाराआड सारली.

“पाऊस असला की येतेस. माझ्या पलंगाशी खुर्ची ओढून बसतेस. रात्र रात्र बसतेस. मला म्हणतेस, आबा, तळं कसं बांधलं ते सांगा. हजारदा सांगितलंय, तरी म्हणतेस, सांगा.” आबांचा आवाज हळू झाला. “मला वाटायचं, पोर माझ्यासाठी येते.”

“तुमच्यासाठी पण यायचे, आबा.”

“पण?”

घारीनं ओठ घट्ट मिटले. तिच्या घाऱ्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. ते पुसायलाही तिनं हात उचलला नाही. “तुमच्या पलंगाशेजारच्या खिडकीतून बांध दिसतो,” ती म्हणाली. “मी तिकडे बघत बसायचे.”

चिमीनं झोपेत कूस बदलली, तिचा एकुलता चप्पल घातलेला पाय जावयाच्या हातातून खाली लोंबला.

आबा वाकले. त्यांना वाकायला वेळ लागे. कुणी पुढे झालं नाही. त्यांनी उजव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला, आणि टेबलावर, बरणीच्या शेजारी, उलटा केला. वाळू सरसरत खाली आली, धुतलेली, स्वच्छ. मग डावा बूट. दोन लहान ढीग झाले. मोतीबाईला वाटलं, झाडू आणावा. ती हलली नाही.

“दिवस उजाडायच्या आत बादली घेऊन जायचो,” आबा म्हणाले. “पूर्वी महिन्यातून एकदा पुरायची. आता रोज लागते. आज तर दुपारीही टाकून आलो.”

“आबा…” नवरा म्हणाला.

“तू आधी मोरी उघड जा. चाक जड आहे, तेल घालून घे. अर्धाच वेढा दे, जास्त नाही. ही बाई सांगते ते बरोबर आहे, घाई केली तर घसरेल.” नवरा मागच्या दारानं निघून गेला. त्याची पावलं अंगणात पळत गेलेली ऐकू आली. आबांनी कोरा कागद उचलला नाही. तो सुनेकडे सरकवला. “बस, मोतीबाई. तुझ्याच हातानं होऊ दे. चौदावा आधी लिही. घरं किती?”

“एक,” ती म्हणाली, आणि लिहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा अक्षर वाकडं आलं.

“माणसं?”

“तीन.”

“आता बांधाच्या अवस्थेचा प्रश्न. कितवा आहे तो?”

“नववा.”

मोतीबाईनं नववा प्रश्न शोधला, पेन टेकवलं आणि थांबली. आबा बरणीकडे बघत होते, पहिल्यांदाच, तळाच्या तांबूस मातीकडे. मग त्यांनी मान वर केली आणि नातीकडे पाहिलं.

“लिही,” ते म्हणाले. “बांध गळतो. पोरीच्या घराचा पाया खणला, तेव्हाही गळत होता.”